सहा तासांचं कार्ताहेना

क्रूझ शिपवर नोकरी करतो असं सांगितलं की हॉस्टेलवरची पोरं दोनच प्रश्न विचारतात. पहिला पगाराचा. दुसरा, "मग काय, जग फिरायला मिळत असेल ना फुकटात?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मॅगझिनमध्ये छापण्यासारखं नाही. दुसऱ्याचं मात्र देता येईल. मेकॅनिकल झाल्यावर मी वर्षभराचा मरिन इंजिनियरिंगचा कोर्स केला, आधी मालवाहू जहाजांवर आणि मग प्रवासी जहाजावर लागलो. गेल्या काही कॉन्ट्रॅक्ट्समध्ये ज्या बंदरांवर सर्वांत जास्त वेळा उतरलो त्यांत दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबियाचं कार्ताहेना आहे. स्पॅनिश लोकांनी १५३३ साली वसवलेलं, तटबंदीत बसलेलं गाव. त्याचीच गोष्ट सांगतो, पण आधी हे 'शोअर एक्स्कर्शन' प्रकरण काय असतं ते समजून घेऊ, कारण ते कळल्याशिवाय गाव तसं का दिसतं ते कळत नाही.

क्रूझ म्हणजे तरंगतं हॉटेल. रात्री प्रवास, सकाळी नवं बंदर. सकाळी सात-आठला जहाज धक्क्याला लागतं आणि दुपारी किंवा संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात प्रवाशांना गावात नेऊन आणण्याची सहल म्हणजे शोअर एक्स्कर्शन. ती जहाजावरच विकली जाते, पण चालवतो गावातला एखादा टूर ऑपरेटर. मधला नफा अर्थात जहाज कंपनीचा. गावात उतरून स्वतः टॅक्सी केली तर तीच सहल स्वस्तात होते हे बऱ्याच प्रवाशांना ठाऊक असतं. तरी लोक जहाजाचीच सहल का घेतात? कारण एकच: कंपनीच्या सहलीची बस ट्रॅफिकमध्ये अडकली तर जहाज थांबतं. स्वतःच्या हिमतीवर गेलेल्या माणसासाठी थांबत नाही! म्हणजे ते जादाचे पैसे किल्ला बघण्याचे नसून विम्याचे असतात म्हणा ना.

जहाज न थांबण्याला कारणंही आहेत. पायलटची वेळ ठरलेली असते, टगची असते, धक्क्याचं भाडं तासावर चढतं, आणि उशीर झाला तर पुढच्या बंदरापर्यंत वेग वाढवावा लागतो. जहाजाला लागणारी पॉवर साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते हे आपण शिकलोय. दहा टक्के वेग वाढवा, पॉवर एक तृतीयांशाच्या आसपास जास्त लागते. दोन माणसांनी अंगठी निवडायला अर्धा तास जास्त लावला, की रात्रभर इंजिन रूममध्ये आम्ही त्याची किंमत फ्युएल फ्लो मीटरवर बघतो.

गँगवेवर प्रत्येकाचं कार्ड स्कॅन होतं. उतरताना एक बीप, चढताना एक बीप. 'ऑल अबोर्ड'ची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची. ती टळली की यादी निघते, नावं पुकारली जातात, आणि तरीही कोणी आलं नाही तर त्याचा पासपोर्ट सापडल्यास बंदरावरच्या एजंटकडे देऊन जहाज निघून जातं. गर्ल्स हॉस्टेलच्या गेटचा नियम ज्यांना कडक वाटतो त्यांनी हे एकदा बघावं. त्यात आणखी एक गंमत. कोलंबिया घड्याळ कधीच पुढेमागे करत नाही, अमेरिका करते. त्यामुळे अमेरिकेतून निघालेलं जहाज वर्षाच्या काही महिन्यांत गावाच्या घड्याळापेक्षा एक तास पुढे असू शकतं. मोबाईल गावाची वेळ दाखवतो, जहाज जहाजाची. धक्क्यावर धापा टाकत पळणाऱ्यांमध्ये या एका तासाचे बळी हमखास असतात.

आता आम्हा क्रूचं. बंदरात असताना ठरावीक संख्येनं माणसं जहाजावर असलीच पाहिजेत, आग लागली किंवा काही झालं तर. त्यामुळे सुट्टी पाळीपाळीनं. शिवाय इंजिन डिपार्टमेंटची बरीच कामं बंदरातच निघतात, कारण तेव्हा प्रॉपल्शन बंद असतं. म्हणजे "जग फिरायला मिळतं का" याचं खरं उत्तर: वॉच संपून, अंघोळ करून, हातात चार, फार तर सहा तास. ते कुठे घालवायचे याचा हिशोब सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखाच करावा लागतो.

कार्ताहेनाला मी ते पहिल्यांदा घालवले ते तात्यांबरोबर. तात्या मालवणचे, आमच्या गॅलीत, वयानं माझ्या वडिलांएवढे. मला म्हणाले, "इंजिनेर, बसनं जाव नको. चलत चल. गावाक भिंत आसा, हरवूचो नाय तू." खरंच, तटावरून चालत राहिलं की गाव आपोआप समजत जातं. भिंतींची लांबी एकूण सुमारे ११ किलोमीटर सांगतात. १९८४ पासून बंदर, किल्ले आणि जुनं शहर मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

एवढी भिंत का? कारण पैसा. पेरूची चांदी पनामामार्गे आणि आसपासचं सोनं इथून स्पेनला जायचं. त्यासाठी ताफे या बंदरात थांबायचे. आणि पैसा जिथे, तिथे चोर. १५८६ मध्ये इंग्रज फ्रान्सिस ड्रेकनं गाव जिंकलं, घरं जाळायला सुरुवात केली आणि १,०७,००० डुकाट खंडणी घेऊनच तो निघाला. (आपल्याकडच्या वाचकांना सुरतेची आठवण होणारच.) त्याच वर्षी स्पेनचा राजा दुसरा फिलिप यानं बाप्तिस्ता अँतोनेल्ली नावाचा इटालियन इंजिनियर पाठवला. कॅरिबियन समुद्रातल्या सगळ्या महत्त्वाच्या बंदरांची पाहणी करून कुठे किती तट, कुठे बुरुज याचे आराखडे त्यानं केले. हवाना, सान हुआन, पोर्तोबेलो, आणि हे. पुढे कार्ताहेनाच्या तटाचं काम त्याचा भाचा क्रिस्तोबाल दे रोदा यानं उभं केलं.

इथे आपला एक धागा आहे, तो मला स्वतःला फार आवडतो. १५८० ते १६४० पोर्तुगालची गादीही स्पेनच्याच राजाकडे होती. म्हणजे तेव्हा वसई, दमण, गोवा यांचा राजाही हाच फिलिप! त्यानं जसा अँतोनेल्ली पश्चिमेला पाठवला तसा जोव्हानी बाप्तिस्ता कैराती हा मिलानचा इंजिनियर पूर्वेला पाठवला. मोंबासाचा १५९३ चा फोर्ट जीझस कैरातीचा, आणि वसई-दमणच्या तटबंदीच्या कामातही त्याचा हात होता. त्यामुळे वसईचा किल्ला बघितलेला माणूस कार्ताहेनाच्या तटावर उभा राहिला की त्याला काहीतरी ओळखीचं वाटतं. ओळखीचं असतं ते बुरुजाचं टोक.

आपल्या सिंधुदुर्गाचे बुरुज गोल. वसईचे आणि कार्ताहेनाचे टोकदार, वरून बाणाच्या पात्यासारखे दिसणारे. फरक शोभेचा नाही. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळा कोपरा उरतो. शत्रू तिथे पोहोचला की शेजारच्या बुरुजावरूनही त्याला नेम धरता येत नाही. बुरुज टोकदार केला आणि त्याच्या बाजूंच्या रेषा शेजारच्या बुरुजाच्या तोफेच्या रेषेत आणल्या, की कोपराच उरत नाही. प्रत्येक बुरुज शेजाऱ्याचं रक्षण करतो, स्वतःचं नाही. कागदावर स्केल घेऊन दोन पंचकोन काढून बघा, पाच मिनिटांत पटेल. दुसरं म्हणजे भिंत बुटकी, जाड आणि मागे कललेली. आत मातीचा भराव. गोळा आदळला की दगड फुटतो पण धक्का माती खाते. उंच सरळ भिंत तोफेसमोर कोसळते, ही भिंत नुसती खरवडली जाते. दगडही जवळचाच, प्रवाळाचा चुनखडक. बघायला गेलात तर आजही तटाच्या दगडात प्रवाळाची नक्षी दिसते.

बसवाल्या सहलीचा मुख्य थांबा म्हणजे सान फेलिपे दे बाराखास हा टेकडीवरचा किल्ला. पायथ्याशी ब्लास दे लेझो या आरमारी अधिकाऱ्याचा पुतळा आहे: एक पाय नाही, एक डोळा नाही, एक हात निकामी. १७४१ मध्ये इंग्रज अॅडमिरल व्हर्नन शंभराहून कितीतरी अधिक जहाजं घेऊन आला तेव्हा शहर ज्यांनी वाचवलं त्यातला हा एक. व्हर्ननला बंदराचं तोंड जिंकल्यावर इतकी खात्री वाटली की विजयाची बातमी इंग्लंडला पोहोचली आणि तिथे पदकंसुद्धा पाडली गेली. पदकावर लेझो गुडघे टेकून तलवार देतोय! प्रत्यक्षात टेकडीवरचा हल्ला फसला, पिवळा ताप आणि हगवण सैन्यात शिरली आणि गोळ्यांपेक्षा तापानं जास्त माणसं नेली. इंग्रज परत गेले. लेझोही त्याच वर्षी कार्ताहेनातच वारला. या मोहिमेत लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा एक अधिकारी होता. त्यानं पुढे आपल्या अमेरिकेतल्या घराला अॅडमिरलचं नाव दिलं, माउंट व्हर्नन. तिथे नंतर त्याचा सावत्र भाऊ जॉर्ज राहिला, तोच जॉर्ज वॉशिंग्टन.

ही लढाई गावात अजून थंड झालेली नाही. २०१४ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या हस्ते इथे मेलेल्या इंग्रज सैनिकांच्या स्मरणार्थ एक पाटी बसवली गेली. गावात इतका गदारोळ झाला की काही दिवसांत एका नागरिकानं हातोडा घेऊन ती फोडली, आणि मग पाटी काढूनच टाकली.

गाईड लोक हा सगळा इतिहास सान फेलिपेच्या त्या अवाढव्य उतारांकडे बोट दाखवून सांगतात, जणू व्हर्नन याच्यावरच आपटला. तसं नाही. १७४१ मध्ये टेकडीच्या माथ्यावर तुलनेनं छोटा किल्ला होता, १६५७ च्या सुमाराचा. आज दिसतो तो डोंगरभर पसरलेला किल्ला लढाईनंतर, १७६२ पासून, अंतोनियो दे आरेव्हालो या इंजिनियरनं वाढवला. म्हणजे आपण बघतो ते पुढच्या हल्ल्यासाठी केलेलं डिझाईन, आणि तसा इंग्रजांचा हल्ला पुन्हा आलाच नाही. पुतळा मात्र लेझोचा. आरेव्हालोनं या गावात अर्धशतकाहून जास्त काळ काम केलं, १८०० साली तो इथेच वारला, आणि बसमधल्या चाळीस जणांपैकी एकालाही त्याचं नाव सांगितलं जात नाही. इंजिनियरांचं हे असंच असतं!

त्याचं डिझाईन बघण्यासारखं आहे. तोफांचे चौथरे पायऱ्यांसारखे एकावर एक, आणि खालचा शत्रूच्या हातात पडला तरी वरच्या चौथऱ्यावरून त्याच्यावर मारा करता येईल असा प्रत्येकाचा कोन. पोटात बोगदे. बोगदे इतके अरुंद की माणसं एकामागे एकच जाऊ शकतात, बाजूला कोनाडे, आणि आत आवाज लांबवर पोहोचतो. दूरच्या पावलांची चाहूल पहारेकऱ्याला आधीच लागते. मी एका टोकाला उभा राहिलो आणि तात्या दुसऱ्या टोकाला जाऊन शिंकले. दचकलोच.

पण आरेव्हालोचं खरं काम या किल्ल्यात नाही, ते पाण्याखाली आहे, आणि कुठल्याच सहलीत दाखवत नाहीत. कार्ताहेनाच्या खाडीला समुद्राकडून दोन तोंडं: शहराजवळचं रुंद बोकाग्रांदे, म्हणजे मोठं तोंड, आणि लांबचं अरुंद बोकाचिका, म्हणजे छोटं तोंड. १६४० मध्ये बोकाग्रांदेत जहाजं बुडाली, त्यांच्या सांगाड्यांभोवती वाळू साचत गेली आणि मोठं तोंड आपोआप बंद झालं. साहजिकच सगळा बंदोबस्त बोकाचिकाला हलवला. शंभर वर्षांनी, १७४० च्या सुमारास, समुद्रानं वाळूचा बांध फोडून मोठं तोंड पुन्हा उघडलं. आता दोन दारं राखायची तर तोफा दुप्पट, माणसं दुप्पट. आरेव्हालोनं उलटा विचार केला: एक दारच बुजवायचं. १७७१ ते १७७८ या काळात त्यानं बोकाग्रांदेच्या आरपार समुद्रतळावर दगडांचा बांध घातला, सुमारे तीन किलोमीटर लांब. माथा पाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम खाली. वरून काही दिसत नाही, पण जहाज आलं की तळ फाटणार.

त्या काळी डिझेलवरची यंत्रं नसताना, खुल्या समुद्राच्या लाटांत, वाहत्या वाळूवर तीन किलोमीटर. आणि तो बांध अजून आहे. आमचं जहाज त्यामुळेच आजही अडीचशे वर्षांपूर्वीसारखं बोकाचिकाच्या छोट्या तोंडातून वळसा घालून आत येतं. दोन्ही बाजूंना सान फर्नांदो आणि सान होसे हे किल्ले समोरासमोर. प्रवासी डेकवर गर्दी करून फोटो काढत असतात. मी त्या वेळी कंट्रोल रूममध्ये, पाण्याच्या पातळीखाली, स्टँड-बायवर असतो. मला बोकाचिका कळतं ते ब्रिजवरून येणाऱ्या ऑर्डर्सवरून. वेग कमी, आणखी कमी, वळण.

हे सगळं बांधलं कोणी? इंजिनियरांची नावं मिळतात, मजुरांची नाहीत. कैदी होते, आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. समोरच्या तिएर्राबोंबा बेटावर दगडाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या होत्या, त्यात आणि तटावर हेच लोक राबले. स्पेनच्या अमेरिकेतल्या साम्राज्यात गुलाम उतरवायला परवानगी असलेली बंदरं मोजकीच होती, कार्ताहेना त्यांतलं मुख्य. घड्याळाच्या मनोऱ्यातून आत शिरलं की जो पहिला चौक लागतो, प्लासा दे लोस कोचेस, तिथे माणसांचा बाजार भरायचा. आज त्या चौकाच्या कमानींखाली मिठाईवाल्या बायका बसतात. काचेच्या बरण्यांत 'कोकादा' म्हणजे चक्क नारळाच्या वड्या! सहलीतली मंडळी तिथे वीस मिनिटं थांबतात, वड्या घेतात, फोटो काढतात. मी दोन वेगवेगळ्या गाईडच्या मागे उभं राहून ऐकलंय. एकानं बाजाराबद्दल एक वाक्य सांगितलं, दुसऱ्यानं तेही नाही. पाचूच्या दुकानाला मात्र दोघांनीही पाऊण तास दिला.

थोडं पुढे सान पेद्रो क्लाव्हेरचं चर्च. हा जेझुइट पाद्री १६१० मध्ये इथे आला आणि १६५४ मध्ये मरेपर्यंत गुलामांच्या जहाजांवर जाऊन आजाऱ्यांची सेवा करत राहिला. त्याच १६१० मध्ये, त्याच गावात, धर्मन्यायालयही सुरू झालं. एका गावात दोन्ही.

सगळेच गुलाम गुलाम राहिले नाहीत. बेंकोस बिओहो नावाचा एक जण पळून गेला, त्यानं जंगलात आपली माणसं जमवली. १६२१ मध्ये त्याला पकडून कार्ताहेनात फाशी दिलं. पण पळालेल्यांची वस्ती मोडली नाही, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारला तिच्याशी तह करावा लागला. हे सान बासिलियो दे पालेंके, शहरापासून सुमारे पन्नास किलोमीटर. तिथली भाषा वेगळी, स्पॅनिश आणि आफ्रिकेतल्या किकोंगोच्या मिश्रणातून झालेली. २००५ मध्ये युनेस्कोनं या गावच्या संस्कृतीचा गौरव केला.

आता चौकात रंगीत झग्यातल्या, डोक्यावर फळांचं टोपलं घेतलेल्या बायका दिसतात ना, ज्यांचा फोटो कोलंबियाच्या प्रत्येक जाहिरातीत असतो, त्या 'पालेंकेरा', म्हणजे त्याच पालेंकेच्या. फोटो काढला की त्या पैसे मागतात, आणि तो त्यांचा धंदा आहे. आमचे काही प्रवासी हजारो डॉलरची क्रूझ घेऊन येतात आणि फोटो काढून पैसे न देता पळतात. एकदा एका बाईनं अशा एका जोडप्याला चौकभर ओरडून थांबवलं. मला स्पॅनिश चार शब्द येतं, पण तिचं सगळं समजलं. दिले त्यांनी पैसे. बरं वाटलं.

त्या भक्कम भिंतीचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण ते गाईड क्वचितच सांगतात. ११ नोव्हेंबर १८११ ला कार्ताहेनानं स्पेनपासून स्वातंत्र्य जाहीर केलं. त्यात पुढाकार हेत्सेमानी या कारागीर वस्तीचा. १८१५ मध्ये स्पेनचा सेनापती मोरियो परत आला. त्याला भिंत फोडायची गरजच नव्हती. त्यानं वेढा घातला आणि ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत नुसता बसून राहिला. परक्या तोफांना रोखायला स्पेननं बांधलेल्या भिंतीच्या आत, त्याच गावची हजारो माणसं उपासमारीनं मेली. गोळ्याचा धक्का खाण्यासाठी केलेल्या डिझाईनमध्ये धान्याचा विचार कुठे होता?

हेत्सेमानी आज कॅफे आणि छोट्या हॉटेलांनी भरलंय. भाडी चढल्यामुळे जुनी कुटुंबं बाहेर पडताहेत. तात्यांचं जेवायचं ठिकाण तिथेच, एका गल्लीत. तळलेला अख्खा मासा, कच्च्या केळ्याचे चेपून तळलेले काप आणि 'आरोस कोन कोको', नारळाच्या दुधातला तपकिरी गोडसर भात, कधी त्यात मनुकाही. तात्या पहिला घास घेऊन गंभीर झाले. "ह्यो नारळीभातच रे. फक्त वेलची घालूक इसारले." मालवणच्या माणसाकडून याहून मोठं सर्टिफिकेट नाही. आमच्या बसवाल्या प्रवाशांपैकी बरेच मात्र जहाजावर जेवण 'फुकट' म्हणून गावात काहीच खात नाहीत. हजारो माणसं उतरतात आणि गल्लीतल्या खाणावळीत दोन टेबलं रिकामी राहतात, ती यामुळे.

परतीच्या वाटेवर, मांगा बेटावर जिथे आमचा धक्का आहे तिथे, एकदा रस्त्यात घोट्याएवढं पाणी होतं. पाऊस नव्हता. भरतीचं पाणी गटारातून उलटं वर आलं होतं. मांगा आणि बोकाग्रांदेच्या सखल रस्त्यांवर मोठ्या भरतीला असं होतं, आणि समुद्राची पातळी वाढतेय तसं ते वाढतंय. गटाराचं तोंड खाडीत. खाडीची पातळी रस्त्यापेक्षा वर गेली की प्रवाह फिरणारच. उपाय म्हणजे तोंडाशी एकाच दिशेला उघडणारी झडप, आपण पंपाच्या लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतो तशी. पण मग त्याच वेळी पाऊस आला तर आतलं पाणी कुठे जाणार, म्हणून पंपही हवेत, पंपाला वीज हवी, आणि झडपेत शिंपले अडकणार नाहीत हे बघायला माणूस हवा. मी आणि तात्या बूट हातात घेऊन ते पाणी तुडवत गेलो. ऑल अबोर्डला पंचवीस मिनिटं होती. धक्क्यावरच्या छोट्या बागेत मोर आणि फ्लेमिंगो पाळलेत, त्यांच्याकडे बघायलासुद्धा थांबलो नाही. चारला माझा वॉच होता.